पिकअप घ्यायचीय: ॲव्हरेज बघू की ताकद?

उंटावरचा_शहाणा

मंडळी, बरेच दिवस नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय, सांभाळून घ्या.

डेन्व्हरच्या बाजूला राहतो. घरात एक जुनी एसयूव्ही आहे आणि मागच्या उन्हाळ्यात हौसेनं सोळा फुटी कॅम्पर ट्रेलर घेतला (सेकंडहँड, बायकोचा विरोध पत्करून). ब्रोशरवर वजन २,९०० पौंड लिहिलंय. एसयूव्हीला ५,००० ओढायची परवानगी आहे म्हणून मी बिनधास्त होतो, पण आय-७० वरनं आयझेनहॉवर बोगद्याकडे चढताना टेम्परेचरचा काटा असा काही वर गेला की पोरं मागनं विचारायला लागली बाबा गाडीला ताप आलाय का. हझार्ड लावून उजव्या लेनमधून ३० च्या स्पीडनं चढलो, मागनं ट्रकवाले हॉर्न मारून जात होते.

तर आता मिडसाइझ पिकअप घ्यायचं ठरतंय. पण रोज ऑफिसला जाऊन येऊन ५२ मैल होतात, वर्षाला एकूण १४,००० च्या घरात. ट्रेलर वर्षातून नऊ-दहा वेळाच निघतो. म्हणजे नऊ-दहा वीकेंडांसाठी वर्षभर गॅस जाळायचा का, हा घरातला प्रश्न आहे, आणि विचारणारी व्यक्ती हिशोबाला पक्की आहे. टॅकोमा हायब्रिड, रेंजर, कोलोराडो, फ्रंटियर, रिजलाइन सगळं यूट्यूबवर बघून झालं, डोक्याचा भुगा झालाय. अनुभवाचे बोल हवेत.

रामभरोसे

कोलोराडोत राहून कोलोराडो घ्या, नंबरप्लेट आणि गाडीचं नाव मॅच होईल. (हलके घ्या.)

बाबूराव_टेक्सास

अहो मिडसाइझ कशाला, सरळ फुलसाइझ घ्या ना. मिडसाइझ घेतली की गॅस वाचतो हा गैरसमज आहे. फोर्ड एफ-१५० च्या हायब्रिडचा ईपीए आकडा (सरकारी चाचणीतलं मैल-पर-गॅलन) २३-२४ आहे आणि तुमच्या यादीतली एकही गाडी एकत्रित आकड्यात २३ च्या वर जात नाही. मग छोटी गाडी घेऊन काय मिळवलंत? माझ्याकडे तीन वर्षं आहे, दोन घोडे असलेला ट्रेलर ओढलाय.

उंटावरचा_शहाणा

@बाबूराव, गॅरेज. मोजून बघितलं, आत २० फूट आहे पण पुढे वॉटर हीटर बसवलाय. क्रू कॅब एफ-१५० एकोणीस फुटांच्या वर जाते, मिडसाइझ साडेसतरा-अठरामध्ये बसते. आणि गाडी बाहेर उभी करायची तर आमच्याकडे गारा पडतात, त्या सोसायच्या मग.

गणिती_किडा

घरच्या हिशोबी व्यक्तीला दाखवायला आकडे देतो, वाचनखूण करून ठेवा.

आधी एक गोष्ट. मैल-पर-गॅलन हा आकडा फसवा आहे. १५ वरून २० वर गेलात तर १२,००० मैलांत २०० गॅलन वाचतात. २० वरून २५ वर गेलात, तेवढीच पाचची उडी, तर १२० च वाचतात. म्हणून नव्या गाडीच्या काचेवरच्या ईपीए लेबलवर मोठ्या आकड्याखाली बारीक अक्षरात १०० मैलांना किती गॅलन ते छापलेलं असतं, ते वाचा. आपल्याकडं कुणी वाचत नाही.

आता तुमचं. १४,००० मैलांतले ट्रेलर लावून किती? नऊ-दहा ट्रिपा, येऊन जाऊन १८० मैल धरले तर १,७०० मैल. ट्रेलर लागला की कुठलीही मिडसाइझ ११ च्या आसपास येते, तिचं लेबल काहीही म्हणो. म्हणजे १५५ गॅलन तिथे गेले. उरलेले १२,३०० मैल. २१ देणारी गाडी ५८६ गॅलन पिणार, २३ देणारी ५३५. फरक ५१ गॅलन. सव्वातीन डॉलर भाव धरा, वर्षाचे १६५ डॉलर झाले.

हायब्रिडसाठी समजा साडेतीन हजार जास्त मोजले, तर पैसे वसूल व्हायला एकवीस वर्षं. पोरं तोवर स्वतःच्या गाड्या घेऊन मोकळी होतील.

गंमत म्हणजे ट्रेलरचे मैल १२ टक्के पण गॅस २१ टक्के. तेव्हा गॅस वाचवायचाच असेल तर ट्रेलर लावल्यावर ७५ ऐवजी ६५ नं चालवा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गात वाढतो, ६५ चे ७५ केले की विरोध तिसऱ्या हिश्श्यानं वाढला, आणि तुमचा ट्रेलर म्हणजे चाकांवरची भिंत आहे.

सह्यकडा

पुण्यातून वाचतोय. बाळबोध प्रश्न, गॅस म्हणजे पेट्रोलच ना? आणि तिथे हायलक्स का नाही घेत कुणी? इथे २०२२ पासून मिळतेय, डिझेल, अजिबात कटकट नाही असं मित्र सांगतो.

तेलकट_हात

@सह्यकडा, हो पेट्रोलच. हायलक्स इथे मिळत नाही त्याला कारण कोंबडी आहे. खरंच. १९६० च्या दशकात युरोपनं अमेरिकन चिकनवर कर लावला, त्याचा वचपा म्हणून १९६३ मध्ये जॉन्सन सरकारनं बाहेरून येणाऱ्या हलक्या ट्रकवर २५ टक्के कर ठोकला. कोंबडीचं भांडण कधीच विसरले, ट्रकवरचा कर तसाच राहिला. म्हणून इथे विकायच्या पिकअप इथल्याच आसपास बनवतात आणि इथल्या गिऱ्हाइकासाठीच बनवतात.

डिझेलचं म्हणाल तर शेवरलेट कोलोराडोत २.८ लिटरचं डिझेल २०२२ पर्यंत मिळायचं, हायवेला ३० दाखवायचं लेबल आणि ७,७०० पौंड ओढायचं. धागाकर्त्याला खरं तर तीच गाडी फिट बसली असती, पण ती गेली.

आता मुख्य मुद्दा, जो अजून कुणी काढला नाही म्हणून टंकायला बसलो. यूट्यूबपासून डीलरपर्यंत सगळे टो रेटिंगचं बोलतात, म्हणजे गाडी किती पौंड ओढते, ६,५०० आणि ७,७००. तो आकडा विसरा. ड्रायव्हरचं दार उघडा आणि खांबावरचं पिवळं-पांढरं स्टिकर वाचा. तिथे लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांच्या वर जाता कामा नये. ते त्या एका गाडीचं असतं, मॉडेलचं नव्हे. सनरूफ, मोठी चाकं, लेदर, स्टीलच्या साइड स्टेप, जे जे फॅक्टरीत बसवलं ते सगळं त्या आकड्यातून वजा झालेलं असतं. ट्रिम (त्याच मॉडेलची साधी-महाग आवृत्ती) जितकी चढत जाते तितका तो आकडा उतरत जातो. सगळ्यात महागडी ऑफरोड ट्रिम घेणारा माणूस बहुतेक वेळा सगळ्यात कमी वजन नेणारी गाडी घेत असतो आणि त्याला पत्ता नसतो.

आणि ट्रेलरचा दांडा हिचवर (गाडीमागच्या जोडणीवर) जो भार टाकतो, टंग वेट, तो पण त्याच आकड्यातून जातो. ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के. त्याच्यापेक्षा कमी ठेवलात तर ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो, म्हणून तिथे कंजूषी नको.

एक काम करा. ट्रेलर पूर्ण भरा, पाणी, सिलिंडर, भांडीकुंडी सगळं, आणि हायवेवरच्या ट्रक स्टॉपला जाऊन कॅट स्केलवर तोलून या. ब्रोशरचे २,९०० हे रिकाम्या ट्रेलरचे आहेत, पैजेवर सांगतो.

सुगरणीचं_घरटं

मी रिजलाइनवाली. इथे रिजलाइनचं नाव काढलं की लोक म्हणतात तो ट्रक नाहीच, मिनिव्हॅनचा हौदा कापलाय. म्हणू देत. पाच वर्षं झाली, मागचं अख्खं अंगण मी तिच्यातून आणलंय, माती, मल्च, फरशा. हौद्यात चाकांच्या उंचवट्यांमध्ये ५० इंच मोकळे आहेत म्हणजे ४ बाय ८ चा प्लायवूड आडवा सपाट झोपतो, फाळका उघडा ठेवला की झालं. बऱ्याच मिडसाइझमध्ये तो उंचवट्यांवर तिरका बसवावा लागतो, विचारून बघा. हौद्याच्या तळाला कुलपाची डिकी आहे, खाली बूच आहे, त्यात बर्फ भरून कोल्ड्रिंक ठेवलेत वाढदिवसाला.

लेबल शहरात १८, हायवेला २४, एकत्रित २१ आहे आणि मला बरोबर २१ मिळतं. रोज चालवायला कारसारखी, मागच्या सीटवर सासूबाई चार तास बसून आल्या आणि एकदाही कंबर म्हणाल्या नाहीत, ही माझ्या दृष्टीनं मोठी टेस्ट. ओढायची मर्यादा ५,००० आहे आणि लो रेंज (अवघड रस्त्यासाठीचे जास्त ताकदीचे गिअर) नाही, हे मान्य. पण दहातल्या नऊ जणांनी लो रेंजचं बटण आयुष्यात दाबलेलं नसतं हो.

बाबूराव_टेक्सास

+१ लो रेंजबद्दल. मी दाबलंय, एकदा, डीलरच्या पार्किंगमध्ये.

तेलकट_हात

@सुगरणीचं_घरटं, तुमच्या गाडीबद्दल तक्रार नाही, सपाट भागात असते तर यांना मी तीच सांगितली असती. अडचण उंचीची आहे. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटाला साधारण ३ टक्के दम गमावतं. तो बोगदा ११,००० फुटांच्याही वर आहे. म्हणजे तिथे पोचेपर्यंत तिसरा हिस्सा गेला. फ्रंटियरचा ३.८ लिटर व्ही६ कागदावर ३१० हॉर्सपॉवर आहे, वर तो २०५ च्या आसपास उरतो. रिजलाइनचे २८० असेच १९० होतात. चढतात, नाही असं नाही, पण ५,००० आरपीएमवर ओरडत चढतात आणि ॲव्हरेजचं भजं होतं. टर्बो हवा दाबून आत घेतो म्हणून त्याचं नुकसान बरंच कमी. रेंजरचं २.३ आहे, टॅकोमाचं २.४, कोलोराडोचं २.७, तिन्ही चार सिलिंडर टर्बो.

टर्बोची दुसरी बाजू पण सांगतो. हळू चालवलं तर छोटं इंजिन, पाय दाबला तर मोठं, आणि पितं पण तसंच. लेबलवरचा आकडा हलक्या पायाचा आहे. जड पायाच्या माणसाला टर्बो आणि जुना व्ही६ यात ॲव्हरेजचा फरक कळणारही नाही.

अवांतर: तुमच्या राज्यात पंपावर ८५ ऑक्टेन रेग्युलर म्हणून विकतात, स्वस्त दिसतं म्हणून टर्बोत भरू नका. मॅन्युअलमध्ये किमान ८७ लिहिलेलं असतं.

उंटावरचा_शहाणा

अरे बापरे, ८५ च भरतोय मी सहा वर्षं एसयूव्हीत. ताप आला त्यात याचाही हात असेल का?

तेलकट_हात

त्याचं नंतर बघू. आधी रेडिएटर आणि कूलंट बघून घ्या, विकताना तरी उपयोग होईल.

पावसाळी_बेडूक

फोर्डची मॅव्हरिक का नाही कुणी म्हणत? हायब्रिड, शहरात ४० च्या आसपास. इतर गाड्यांमध्ये २१ आणि २३ चा वाद घालताय आणि इथे ३७ एकत्रित आहे. १२,३०० मैलांना ३३२ गॅलन. किड्यानंच हिशोब करावा.

गणिती_किडा

केला. २१ वाल्यापेक्षा अडीचशे गॅलन कमी, वर्षाला सव्वाआठशे डॉलर. ही खरी बचत, बाकी सगळा किरकोळ बाजार. पण ती मिडसाइझ नाही, तिच्याहून लहान आहे आणि टो पॅकेज घेऊनही ४,००० पौंडांवर थांबते. ट्रेलर खरंच २,९०० चा असेल तर विचार करण्यासारखं आहे. म्हणून आधी तोला.

उंटावरचा_शहाणा

(आठ दिवसांनी) तोलून आलो. तेलकट_हात यांना दंडवत.

शनिवारी सकाळी पाण्याची टाकी भरली, सिलिंडर, खुर्च्या, स्टोव्ह, पोरांचे खेळ, सगळं नेहमी भरतो तसंच भरलं आणि ट्रक स्टॉपला गेलो. पुढेमागे अठरा चाकी ट्रक आणि मध्ये आमची वरात. एकदा ट्रेलरसकट तोललं, एकदा ट्रेलर सोडून. ट्रेलर ३,७२०. ब्रोशरपेक्षा ८२० पौंड जास्त. त्यातला दांड्यावरचा भार ४६५. बायको पावती हातात घेऊन म्हणाली, हे आठशे वीस म्हणजे तुझी कॅम्पिंगची भांडी.

मग तिनंच वहीत मांडणी केली. आम्ही दोघं ३२०, पोरं १४०. सायकली, कूलर, लाकडं, तंबू धरून १९०. हौद्यावर टॉपर (टपासारखं बंद झाकण) बसवायचाय त्याचे १७०. दांड्याचे ४६५ आणि हिचचा बॉल वगैरे २०. झाले १,३०५.

तिथून डीलरकडे गेलो आणि सेल्समन यायच्या आत लॉटमधल्या गाड्यांची दारं उघडून स्टिकरचे फोटो काढत सुटलो. तो धावत आला, म्हणाला काय बघताय, म्हणलं पेलोड, तो स्टिकरवरचा आकडा, तो म्हणाला सर ही ६,००० च्या वर ओढते काळजी नको. एकाच मॉडेलच्या दोन गाड्या शेजारी उभ्या होत्या, एकीवर १,४८०, दुसरीवर १,२१५. दुसरी महाग! म्हणजे जास्त पैसे देऊन मी ९० पौंडांनी ओव्हरलोड झालो असतो आणि पहिलीत १७५ शिल्लक राहतात. हे एकाही यूट्यूबवाल्यानं सांगितलं नव्हतं.

रामभरोसे

वहिनींना आयडी काढून द्या, धागा त्यांनीच चालवावा.

पावसाळी_बेडूक

३,७२० म्हणजे मॅव्हरिक काठावर. मागे घेतो सूचना. चार हजाराची गाडी रोज तीन हजार सातशेवर ताणायची नसते.

सह्यकडा

टॅकोमा हायब्रिडचा टॉर्क ४६५ आहे असं वाचलं, सगळ्यांत जास्त. मग चढाला तीच भारी नाही का?

तेलकट_हात

चढाला भारीच आहे, ४६५ पाउंड-फूट आणि तेही १,७०० आरपीएमला. पण गंमत बघा, त्याच टॅकोमाची साधी टर्बो ६,५०० पर्यंत ओढते आणि हायब्रिड ६,००० पर्यंत. टॉर्क वाढला, ओढायची मर्यादा कमी झाली. बॅटरी आणि मोटरचं वजन गाडीला स्वतःलाच वाहायला लागतं ना. ती हायब्रिड ॲव्हरेजसाठी नसून जोरासाठी केलेली आहे, हे समजून घेतलं तर चांगली गाडी आहे. हायब्रिड नाव वाचून प्रियस कारसारख्या ॲव्हरेजची अपेक्षा ठेवणारा नाराज होणार. शिवाय थंडीत हायब्रिडचं ॲव्हरेज साध्या गाडीपेक्षा जास्त घसरतं. उणे सात सेल्सियसला, शहरात चालवताना, साध्या गाडीचं साधारण १५ टक्के उतरतं आणि हायब्रिडचं तीस-चौतीस टक्के. डेन्व्हरच्या जानेवारीत हे लक्षात ठेवायला हवं.

आणि एक विसरू नका, चढण्यापेक्षा उतरणं महत्त्वाचं. बोगद्यापलीकडे डिलनकडे ७ टक्के उतार आहे. टो-हॉल मोड (ओझं ओढतानाचा मोड) लावा, गिअर खाली ठेवा, इंजिनाला धरून ठेवू द्या, ब्रेकवर पाय ठेवून बसू नका. ट्रेलर ३,००० च्या वर गेला की बहुतेक राज्यांत त्याला स्वतःचे ब्रेक लागतात, तुमच्याला असतील, पण ते चालवणारा ब्रेक कंट्रोलर गाडीत आहे का बघा. फॅक्टरीतून आलेला असेल तर उत्तम.

सुगरणीचं_घरटं

टेस्ट ड्राइव्हला पोरांना घेऊन जा हो. आणि मागच्या सीटवर स्वतः बसा. आकडे सगळे बघतात, पाठ सरळ ठेवून बसवतात का ते कुणी बघत नाही.

उंटावरचा_शहाणा

(पाच आठवड्यांनी) घेतली एकदाची. रेंजर, २.३ टर्बो, फोर बाय फोर, मधली ट्रिम, सनरूफ नाही. स्टिकर १,५४०. ओढायची मर्यादा ७,५००, ती वापरायचा विचार नाही. लेबल शहरात २०, हायवेला २४, एकत्रित २२. नव्या मॉडेलच्या हौद्यात उंचवट्यांमध्ये ४८ इंच बसतात, प्लायवूडची पट्टी नेऊन मोजलं, काठोकाठ. रिजलाइन पण चालवली, सुगरणताई सीटबद्दल खोटं बोलल्या नाहीत, पोरांची मतं तिकडेच होती, पण त्या चढावर मला पुन्हा हझार्ड लावायचे नव्हते.

रिपोर्ट. ऑफिसच्या रस्त्यावर तीन टाक्यांची सरासरी २२.४, पंपावर हातानं काढलेली. स्क्रीन २३.१ दाखवते, थोडी फुशारकी मारते. ट्रेलर लावून बोगदा ओलांडून फ्रिस्कोपर्यंत जाऊन आलो, ११.६. चढाला ५५ धरून गेलो, टेम्परेचरचा काटा जागचा हलला नाही, मागनं पोरानं विचारलं आपण पोचलो का, बोगदा कधी गेला कळलंच नाही त्याला. किड्यानं ११ सांगितले होते, सलाम.

गणिती_किडा

अर्धा मैल नेमका कुठे चुकला ते बघतो. ६५ नं चालवलीत वाटतं.

बाबूराव_टेक्सास

अभिनंदन! गॅरेजात बसली का?

उंटावरचा_शहाणा

बसली. वॉटर हीटर आणि बंपरमध्ये एक हात राहतो, माझा, आडवा. आता एक शेवटचं, हौद्यावर झाकण घातलं की ॲव्हरेज वाढतं का? आणि हायवेला फाळका उघडा ठेवावा म्हणतात ते खरं का?

तेलकट_हात

फाळका उघडा ठेवणं उलटं आहे. बंद असला की हौद्यात हवेचा एक भोवरा तयार होतो आणि वरची हवा त्याच्यावरनं घसरून जाते. उघडलात की तो मोडतो. झाकणानं थोडा फरक पडतो, नुसतं ॲव्हरेजसाठी पैसे घालू नका, सामान कोरडं राहतं म्हणून घाला. तुम्ही टॉपर बसवणार होतात ना?

त्यापेक्षा टायर बदलू नका हे जास्त महत्त्वाचं. सगळे हौशी लोक पहिल्या महिन्यात खडबडीत ऑल-टेरेन टायर घालतात कारण दिसतात भारी. जड असतात, रस्त्याला जास्त घासतात, एक-दोन मैल सहज खातात. इतका हिशोब करून मिळवलेलं एका दुपारीत जातं. फॅक्टरीचे टायर झिजेपर्यंत राहू द्या.

उंटावरचा_शहाणा

काका, हे काल का नाही सांगितलंत. गुरुवारी बसवायला येतायत.

रामभरोसे

वहिनींना विचारलं का?